विंग्ज कुठले ते नंतर, कधीचे ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले तीन आठवडे चिकन विंग्जवरून (म्हणजे कोंबडीचे तळून सॉसमध्ये घोळवलेले पंख) जी जुंपली आहे, ती मी रोज सकाळी चहा गार होईपर्यंत वाचतो आहे. कुठल्या रेस्टॉरंटचे विंग्ज सर्वांत चांगले, या विषयावर आजवर छापून आलेली पत्रं मी मोजली. १९ आहेत. त्यांत चार ठिकाणांची नावं फिरून फिरून येतात आणि गंमत अशी, की चारांपैकी प्रत्येकाला कुणीतरी 'तोड नाही' म्हटलं आहे आणि दुसऱ्या कुणीतरी 'चामड्यासारखे' म्हटलं आहे. एका पत्रात तर एकाच ठिकाणाबद्दल नवऱ्याने एक लिहिलं, बायकोने त्याच्या बरोबर उलट लिहिलं आणि खाली दोघांनी सह्या ठोकल्या. मला ते पत्र सगळ्यांत खरं वाटलं.

माझी ओळख थोडक्यात. मी २२ वर्षं एका हॉटेलच्या भटारखान्यात फ्रायरवर उभा होतो. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत तेलाच्या थेंबांचे पांढरे ठिपके आहेत, तेच माझं सर्टिफिकेट. आमच्या हॉटेलचं नाव तुमच्या पत्रलेखकांपैकी कुणीच घेतलेलं नाही (जरा वाईट वाटलं, पण असो), त्यामुळे माझा कुणाशी लागाबांधा नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे, की हा वाद रेस्टॉरंटच्या नावावर सुटणार नाही. प्लेट किती वाजता आली, तेल कितव्या दिवसाचं होतं आणि तुम्ही तिथेच बसून खाल्लं की डब्यात घालून घरी नेलं, हे सांगितल्याशिवाय 'अमक्याचे विंग्ज भारी' या वाक्याला काडीचा अर्थ नाही.

हे मी हवेत बोलत नाही. एका रविवारी रात्री, ऐन गर्दीत, दोन टेबलांच्या विंग्जच्या केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, एकदम आल्या. मी एकाच बास्केटमध्ये २४ तुकडे सोडले, एकाच भांड्यात एकाच सॉसमध्ये घोळवले आणि दोन प्लेटा केल्या. एक वेटरने लगेच उचलली. दुसऱ्या टेबलाचं सूप संपायचं होतं म्हणून त्यांची प्लेट पासवर, म्हणजे तयार प्लेटा ठेवायच्या कट्ट्यावर, दिव्याखाली राहिली, बारा-तेरा मिनिटं. पहिल्या टेबलाने आणखी एक प्लेट मागवली. दुसऱ्या टेबलाची प्लेट अर्धी परत आली आणि सोबत निरोप आला, 'आज कूक बदललाय का?' कूक मीच होतो. कोंबडी तीच, तेल तेच, हातही तोच. तुमच्या सदरात त्या रात्री पत्रं आली असती तर दोन आली असती, आणि दोन्ही प्रामाणिक असती.

यात जादू काही नाही, सगळा पाण्याचा खेळ आहे. विंग तेलात पडला की जो खळखळाट होतो, तो तेल उकळल्याचा नसतो; कातडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पळत असतं. तेल १८० अंशांच्या आसपास असतं, पाण्याला १०० पुरतात. बुडबुडे बारीक झाले, आवाज खाली बसला, की समजायचं कातडी सुकली. कुरकुरीतपणा म्हणजे दुसरं काय? कातडीत पाणी न उरणं. पण आतल्या मांसात पाणी शिल्लक असतं आणि तो गरम तुकडा बाहेर काढल्यावरही वाफ सोडतच राहतो. ती वाफ जाणार कुठे? कातडीतूनच. शिवाय वरून सॉस ओतलेला असतो, त्यात व्हिनेगर आणि पाणी. म्हणजे कातडीवर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हल्ला. माझ्या हिशेबाने सॉस लावलेल्या विंगचं आयुष्य दहा मिनिटांचं. त्यानंतर उरतं ते मऊ कोंबडीचं मांस. वाईट नसतं, पण त्याला विंग म्हणू नये.

आता डब्याचं. १९ पैकी ७ पत्रांत 'आम्ही मागवले' असं आहे, म्हणजे घरी. ही पत्रं वाचून मला स्वस्थ बसवेना, म्हणून मध्यंतरी एकदा मी या चारपैकी एका ठिकाणी गेलो. १२ तुकडे मागवले, ६ तिथेच खाल्ले, ६ डब्यात बांधून घेतले आणि बाहेरच्या बाकावर घड्याळ लावून २५ मिनिटं बसून राहिलो. येणारे-जाणारे बघत होते, म्हातारा डबा मांडीवर घेऊन कुणाची वाट बघतोय म्हणून. मग झाकण उघडलं. झाकणाला आतून पाण्याचे टपोरे थेंब, अंघोळीनंतर आरशावर असतात तसे, आणि झाकण तिरकं करताच त्यातले चार-पाच घरंगळून परत विंग्जवर पडले. वरच्या तुकड्याची कातडी बोटाने दाबली तर सुरकुतून बाजूला सरकली, सैल मोज्यासारखी. अर्ध्या तासापूर्वी याच बास्केटमधल्या तुकड्याचा चावताना शेजारच्या टेबलापर्यंत आवाज गेला होता. मी ज्याबद्दल सांगतो आहे ते ठिकाण एका पत्रात पहिल्या क्रमांकावर आहे आणि दुसऱ्यात 'पैसे पाण्यात'. पैसे पाण्यात नाही गेले, विंग्ज गेले! ज्यांना घरीच न्यायचे आहेत त्यांनी सॉस वेगळा मागावा आणि डब्याचं झाकण बोटभर उघडं ठेवावं. गार झाले तर ओव्हनमध्ये पुन्हा तापवता येतात, ओले झालेले मात्र पूर्वीसारखे होत नाहीत.

तेलाबद्दल एकाही पत्रात अवाक्षर नाही, आणि माझं सगळं आयुष्य त्याच्यात गेलं. लोकांना वाटतं नवं तेल म्हणजे चांगलं तेल. माझे वस्ताद नवं तेल भरलं की त्यात आदल्या दिवशीच्या गाळलेल्या तेलाचा एक मोठा डाव घालायचे. मी नवा होतो, मला वाटलं हे कंजुषी करतायत. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी काही न बोलता दोन बास्केट लावल्या, एक कोऱ्या तेलात, एक त्या मिसळलेल्या तेलात, तेवढाच वेळ. कोऱ्या तेलातले विंग्ज फिके, पिवळट निघाले, जणू उकडलेले. दुसरे सोनेरी. पुढे कळलं, की तेल थोडं वापरलं गेलं की त्यात असे काही घटक तयार होतात, जे तेल आणि ओलसर पदार्थ यांची गाठ घालून देतात. कोरं तेल ओल्या कातडीला नीट भिडतच नाही. म्हणून कुठल्याही फ्रायरवर सगळ्यांत चांगले विंग्ज पहिल्या दिवशी मिळत नाहीत. ते मिळतात तेल जरा मुरल्यावर. त्यानंतर उतरण लागते. तेल काळपट होतं, दाट होतं, वर फेस धरतो आणि तो खाली बसत नाही, वास माशासारखा यायला लागतो. अनेक देशांच्या अन्नकायद्यांत तेलातल्या अशा बिघडलेल्या घटकांची मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास ठेवली आहे आणि ती मोजायला थर्मामीटरसारखं एक यंत्र मिळतं. आमच्याकडे यंत्र नव्हतं, वस्तादांचं नाक होतं. नाक रजेवर गेलं की त्या आठवड्यात तक्रारी वाढायच्या.

एक चूक माझीही सांगतो, म्हणजे मी शहाणपणा शिकवतोय असं वाटायला नको. नोकरीच्या पहिल्या वर्षी फ्रीझरमधले विंग्ज नीट सुटायच्या आतच, ओले, थेट बास्केटमध्ये ओतले. तेल फसफसून वर आलं आणि फ्रायरच्या काठावरून जमिनीवर. सुदैवाने कुणी भाजलं नाही. पण ते विंग्ज मी टाकले नाहीत, प्लेटमध्ये गेले. बाहेरून तपकिरी, आत हाडाजवळ थंड. त्या टेबलावरच्या माणसाने आमच्या हॉटेलबद्दल पुढे काय काय सांगितलं असेल, ते मला माहीत आहे. आणि तो खरंच बोलला असणार.

विंग्ज आदल्या रात्री पुसून जाळीवर, उघडे, फ्रिजमध्ये ठेवले की कातडी कागदासारखी होते. कुणी त्यावर चिमूटभर बेकिंग पावडर भुरभुरतात, तिच्यामुळे कातडीला रंग लवकर चढतो आणि बारीक फोड येतात. कोरियन पद्धतीत स्टार्चचा अगदी पातळ थर देऊन दोनदा तळतात, पहिल्यांदा शिजवायला, मध्ये विश्रांती, दुसऱ्यांदा सुकवायला. हे सगळं करायला वेळ लागतो, जागा लागते. शनिवारी रात्री साडेनवाला भटारखान्यात दोन्ही नसतात. म्हणून मंगळवारी संध्याकाळी सातला खाल्लेला विंग आणि शनिवारी रात्री खाल्लेला विंग ही दोन वेगवेगळी रेस्टॉरंटं समजावीत.

एका वाचकभगिनींनी लिहिलं आहे, की अमुक ठिकाणी 'चपटे तुकडेच जास्त देतात, फसवतात'. ताई, राग मानू नका, पण ते तुम्हाला जास्तीचं देत आहेत. विंगचे भाग तीन. खांद्याकडचा गुबगुबीत, त्यात एक हाड. मधला चपटा, त्यात दोन बारीक हाडं. आणि टोक, जे बहुतेक ठिकाणी सूपच्या पातेल्यात जातं. चपट्या भागात मांस पातळ आणि त्याच्या मानाने कातडी भरपूर, म्हणून तो जास्त कुरकुरीत होतो. शिवाय कूकची परीक्षा तिथेच होते. चपट्या तुकड्याच्या एका टोकाची कुर्चा मोडा, दोन हाडांतलं बारीक हाड चिमटीत धरा, हलकं पिळा आणि ओढा. सुळकन, स्वच्छ निघून आलं तर विंग नीट शिजला आहे. मांस हाडाला धरून बसलं तर घाई झाली आहे. कोंबडी खाण्यालायक व्हायला आत ७४ अंश पुरतात असं सांगतात, ते बरोबर आहे. पण विंगमध्ये चिवट तंतू भरपूर, ते विरघळून चिकट, लुसलुशीत व्हायला आणखी दहा-पंधरा अंश चढावे लागतात. छातीचा तुकडा तेवढ्यात लाकूड होईल, विंग होत नाही.

आणि हो, एका कोंबडीला पंख दोनच. म्हणजे टोक सोडून तुकडे चार. १२ तुकड्यांची प्लेट म्हणजे तीन कोंबड्या. भटारखान्यातल्या माणसाला हा हिशेब विसरता येत नाही.

ज्या तरुण पत्रलेखकाने 'बोनलेस विंग्ज'ना पहिला क्रमांक दिला आहे, त्याचं मत मोजणीतून वगळावं अशी माझी विनंती आहे. बोनलेस विंग हा सहसा विंग नसतोच, कोंबडीच्या छातीचे तुकडे करून तळलेले असतात. चवीला छान असतील, पण स्पर्धा वेगळी. या नावावरून अमेरिकेत कोर्टकज्जे झाले आहेत. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बोनलेस विंगमध्ये हाड निघाल्याचा खटला आला, तेव्हा जुलै २०२४मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला, की 'बोनलेस विंग' ही शिजवण्याची पद्धत आहे, हाड नसल्याची हमी नव्हे. सात न्यायाधीशांचं जिथे एकमत नाही, तिथे तुमच्या सदराने एकमताची अपेक्षा का धरावी?

चार ठिकाणं एकाच रात्रीत फिरून आलेल्या मित्रमंडळाचं पत्र मोठं मजेशीर होतं. पण त्यांनी सुरुवात केली ती सगळ्यांत जहाल सॉसवाल्यापासून! तिखट ही चव नाहीच, ती जळजळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या यंत्रणेला चेतवतं, तीच यंत्रणा चटका लागल्याचंही कळवते. हा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल विभागून मिळालं. ती यंत्रणा एकदा पेटली की काही वेळाने बधिर होते. म्हणजे तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत या मंडळींच्या तोंडात जीभ होती, पण ती ड्यूटीवर नव्हती. तिसऱ्याचे विंग्ज 'मिळमिळीत' का वाटले, ते त्यांनी आता ओळखावं. कॅप्सेसिन तेलातुपात विरघळतं, पाण्यात नाही, तेव्हा मध्ये पाणी पिऊन काही साधत नाही, दूध प्यावं. आणि भटारखान्यातलं गुपित सांगतो, जहाल सॉसखाली काहीही खपतं. कालचं तेल, परवाची कोंबडी. म्हणून नव्या ठिकाणी गेलो की मी पहिली प्लेट सर्वांत सौम्य सॉसची मागवतो, आणि शक्य असेल तर सॉस बाजूला.

हा वाद फक्त आपल्याच वाचकांचा आहे असंही नाही. अमेरिकेतल्या ज्या बफेलो शहरातून हे प्रकरण जगभर गेलं, तिथेही तो मिटलेला नाही. १९६४मध्ये अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी, एरवी सूपमध्ये जाणारे पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळवले, ही प्रसिद्ध कथा. पण का घोळवले? त्यांचे पती सांगत, मानेच्या तुकड्यांऐवजी चुकून पंख आले, त्यांचं काय करायचं म्हणून. मुलगा सांगे, शुक्रवारी रात्री त्याने गिऱ्हाइकांसाठी आईकडून करवून घेतले. मंडळी कॅथलिक, शुक्रवारी मांस नाही, पण मध्यरात्र उलटली की शनिवार लागतो. एका घरात दोन कथा! शिवाय त्याच शहरात जॉन यंग नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ अख्खे, न तोडलेले पंख पिठात घोळवून तळून स्वतःच्या मांबो सॉसबरोबर विकत होते, आणि खरा मान आपला, असं त्यांचं म्हणणं होतं. शहराने २९ जुलै १९७७ हा दिवस चिकन विंग दिन म्हणून जाहीर केला, तरी कुणाचे विंग्ज चांगले हे जाहीर केलं नाही. शहाणं शहर. अँकर बार की डफ्स नावाचं दुसरं रेस्टॉरंट, यावर तिथले लोक अजून हमरीतुमरीवर येतात.

जपानमधल्या नागोयात सॉस वेगळा, गोडसर सोया, वर तीळ आणि मिरी, पण भांडण तेच. फुराइबो की यामाचान, ही तिथली दोन रेस्टॉरंटं. एकाचे जरा गोड, दुसऱ्याचे मिऱ्याने झणझणीत. तिथे निदान फरक चवीचा आहे आणि तो रोज सारखा असतो. आपल्या पत्रांतला फरक मला बहुतेक वेळा घड्याळाचा वाटतो.

तेव्हा संपादक महाशय, सदर चालू ठेवायचं असेल तर पत्रलेखकांकडून चार गोष्टी लिहून घ्या. वार आणि वेळ. तिथे बसून की डबा. सॉस कुठला. प्लेट टेबलावर आल्यापासून पहिला घास किती मिनिटांनी, आणि त्या मिनिटांत फोटो काढण्यात किती गेली. (हसू नका. माझा नातू फोटो काढेपर्यंत मी माझ्या वाटचे संपवलेले असतात आणि मग तो म्हणतो, 'आजोबा, मऊ आहेत.') ज्यांना खरंच निवाडा हवा आहे त्यांनी चव तपासणारे तज्ज्ञ करतात तसं करावं, प्लेटांवर नाव न लिहिता तीन आकडी नंबर टाकावेत आणि प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने द्याव्यात. पण मग भांडणाची मजा जाईल, तेव्हा हे नाही केलं तरी चालेल.

राहता राहिलं माझं मत. बाकावर बसून डबा उघडला त्या दिवशी, परत जाताना मी त्या रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी थांबलो. फ्रायरवरचा मुलगा एप्रनला हात पुसत बाहेर हवा खायला आला होता. विशीचा असेल, हातावर ठिपके नुकते पडायला लागलेले. मी म्हटलं, "विंग्ज बरे होते, जरा फिके वाटले. तेल कधी बदललंस?" त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसला. म्हणाला, "आज सकाळीच भरलं, काका. उद्या या. उद्या चांगले लागतील."

त्या आठवड्यात नातवाची परीक्षा होती म्हणून जाणं झालं नाही. तेल आता पुन्हा बदललं असेल. उद्या त्याला फोन करून विचारतो आणि मगच माझं मत कळवतो.

आपला,
एक निवृत्त फ्रायरवाला
(नाव छापू नये ही विनंती. त्या मुलाला ओळखतील.)